सासूच्या हातचा मसाला

मनोरीच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दोन्ही मुसळं माझ्या खांद्यावर आणि पथारीचं गाठोडं आत्याच्या डोक्यावर. सासूला आमच्यात आत्याच म्हणतात. मार्वेहून येताना होडीवाल्याने मुसळांचं वेगळं भाडं मागितलं होतं. आत्या त्याला म्हणाली, "मुसळ काय तुज्या मांडीवर बसलंय का रं?" होडीतली सगळी माणसं हसली आणि तो बापडा गप्प बसला. माझी सासू सोनूबाई ही अशी आहे. तोंडाला लगाम नाही आणि मुसळ उचललं की दुपारपर्यंत खाली ठेवायची नाही.

आम्ही गोवंडीच्या. होळी झाली की मुसळं घेऊन निघायचं आणि पावसाच्या आत परतायचं, हा आमचा नेम. मनोरीच्या घराघरात वर्षाचा मसाला व्हायचा. मिरच्या त्यांच्या, उखळ त्यांचं, भाजणंसुद्धा घरधनीणच करायची. मुसळ आणि हात मात्र आमचे. माझा नवरा शिवदास बिल्डिंगीच्या कामावर जायचा, पण काम असलं तर असलं. पावसाळ्यात ती कामं बंद पडायची आणि आमची चूल मनोरीच्या मिरचीवर पेटायची. म्हणून दरवर्षी धक्क्यावर पाय ठेवला की मला हायसं वाटायचं.

यंदा पहिल्याच दारात वाट लागली.

"अगं सोनूबाई, ह्या वर्षी मालाडला मशीनवर करून आणला," घरधनीण म्हणाली. तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने आम्हाला बसायला सांगितलं. दुसऱ्या दारातही मशीन. तिसऱ्या घरची सून तर बाहेरही आली नाही, खिडकीतूनच हात हलवून नको म्हणाली. ज्या अंगणात आम्ही ठसकत, नाक पुसत दिवसच्या दिवस काढले, तिथे नुसत्या कोंबड्या फिरत होत्या. आत्या मात्र प्रत्येक दारात "बरं बाई, सुखी ऱ्हावा" म्हणायची आणि पुढे चालायची. मला तिचा राग आला. जरा भांडावं ना माणसाने! पण मशीनशी भांडणार कोण आणि काय म्हणून?

शेवटी समुद्राच्या अंगाला जानकीबाईच्या वाडीत आलो. जानकीबाई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. त्यांचे मालक जयवंतराव परळला गिरणीत होते. संपात गिरणीचं काम गेलं तेव्हा मामाच्या ह्या वाडीत येऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या, आणि शनिवार-रविवारी कुलाब्या-बांद्र्याकडची माणसं हवा खायला यायला लागली. बाई दिवसभर चुलीपुढे. पापलेट तळा, तिसऱ्यांचं सुकं करा, कालवण करा. पाहुण्यांना जेवण आवडलं की जाताना मसाल्याची बाटली विकत द्यायच्या. म्हणायच्या, "आमच्या सासूच्या हातचा हां, मनोरीचा खास." आता त्यांची सासू मनोरीत कधी राहिलीच नव्हती, ती वेंगुर्ल्यालाच वारली. मसाला सासूच्या हातचा होता हे खरं, पण माझ्या सासूच्या.

"इलांस गो?" जानकीबाई ओट्यावरूनच म्हणाल्या. "मी म्हटलं, येतंस की नाय. यंदा बाटल्या जास्त लागतील. मिरच्या वाळत घातल्यात, देठ काढूक बसा."

माझा जीव भांड्यात पडला. मिरच्यांचा ढीग बघून इतका आनंद झालेलं माणूस मनोरीत दुसरं नसेल.

मग काम सुरू झालं. देठ काढायचे, ऊन द्यायचं, बाई लोखंडी कढईत भाजून द्यायच्या आणि आम्ही दोघी एकाच उखळात आळीपाळीने घाव घालायचो. आत्याचं मुसळ वर गेलं की माझं खाली. नाकाला फडकं बांधलं तरी घसा जळतोच. बांगड्यांच्या खालची कातडी लाल होते, बोटांच्या बेचक्यांत आग होते, आणि चुकून डोळ्याला हात लागला तर दिवस गेला म्हणून समजा. संध्याकाळी खोबरेल चोळून हात धुतले तरी जेवताना भात तिखट लागायचा.

आम्ही उतरायचो मागच्या पडवीत. चहा यायचा, पण आमचे दोन पेले बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात वेगळे ठेवलेले. आपणच उतरवायचे, पुढे धरायचे, बाई वरून चहा ओतायच्या, आणि मग आपणच विसळून पालथे घालायचे. कांडलेला मसाला मात्र आमच्या हातून परातीत पडला की थेट आत जायचा, देवघरावरून स्वयंपाकघरात. एकदा मी हे आत्याजवळ बोलले होते. ती म्हणाली, "कोरड्या जिनसेला इटाळ न्हाई त्यांच्यात."

आत्या कांडताना गायची. गाणं नसेल तर दोन मुसळांचा मेळ राहत नाही. तिची गाणी बाबासाहेबांची. बार्शीकडच्या तिच्या गावात सगळ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा ती नवी नवरी होती. देव्हाऱ्यातले देव पाटीत भरून नदीत सोडले, ते तिने स्वतः डोक्यावरून नेले होते. तिची सासू तेव्हा म्हणाली होती, देव सोडले तशी त्यांची गाणीबी सोडायची. आत्याने सोडली. माझं लग्न होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, मी तिच्या तोंडून एकदाही विठोबा-खंडोबा ऐकला नव्हता.

जानकीबाईंनी आमचं गाणं कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. त्या आतून फक्त घाव ऐकायच्या. ठोके पडतायत म्हणजे काम चाललंय. जरा थांबलं की आतून आवाज, "काय गो, हात थांबले?"

त्याच आठवड्यात अनुपमाताई आल्या. विद्यापीठातल्या. जाड काचांचा चष्मा, पायात कोल्हापुरी, गळ्यात टेपरेकॉर्डर. सुट्टीला येणारे पाहुणे आणि गावचं खाणं, यावर त्यांचा अभ्यास होता. मासा कोण आणतो, कोण विकतो, कोण रांधतो, कोण खातो, मिरची कुठून येते, सगळं विचारायच्या. दोन दिवस जानकीबाईंच्या मागे फिरल्या आणि तिसऱ्या दिवशी आमच्या पडवीत येऊन खाली जमिनीवर बसल्या. मिरचीने ठसका लागला, डोळे वाहायला लागले, पण उठल्या नाहीत. बाई चिवट होती.

"तुमच्या घरी कुठला मसाला वापरता?" त्यांनी मला विचारलं.

"नाक्यावरची पुडी आणते," मी म्हटलं.

त्या हसतील असं मला वाटलं, पण हसल्या नाहीत. लिहूनच घेतलं. मग आत्याला म्हणाल्या, "मावशी, कांडपाच्या जुन्या ओव्या येत असतील ना तुम्हाला? देवाच्या, माहेरच्या? आता कुणी म्हणत नाही त्या."

"येत हुत्या," आत्या म्हणाली. "आता न्हाय म्हणत म्या."

"एखादी तरी?"

"न्हाय. आमची हायती ती ऐका की. ही काय वाईट हायती?"

"वाईट नाहीत हो मावशी. हीपण घेते मी." त्यांनी टेप लावली आणि मनापासून ऐकलीसुद्धा. पण चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना हवं होतं ते हे नव्हतं.

हे सगळं जानकीबाईंच्या कानावर गेलं. त्यांचं डोकं तेज. दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "शनिवारी मोठी मंडळी येतायत. संध्याकाळी अंगणात तुम्ही दोघी कांडा, जुनी गाणी म्हणा. पाहुण्यांना असलं बघायला आवडतं, मॅडमच म्हणाल्या. जमलं तर पावसाळा सोडून दर शनिवारी बोलवीन. वर्षभर."

वर्षभर! शिवदासचं काम गेलं काय आणि राहिलं काय, दर शनिवारी हक्काची मजुरी. मी लगेच हो म्हणणार होते.

"पण ते तुमचं जयभीमचं नको हां," बाई पुढे म्हणाल्या. "पाहुणे सुट्टीला येतत, त्यांना राजकारण कशाला? देवाची म्हणा. अंबाबाई, विठोबा, काय पण चालेल."

आत्या उठली. पेला विसळला, पालथा घातला आणि उखळापाशी जाऊन बसली.

त्या दिवशी आमचं वाजलं. आत्या गाईना, मीपण गाईना, आणि गाणं नसताना कांडायला गेलं की काय होतं ते झालं. मुसळावर मुसळ आपटलं आणि मधे माझा अंगठा सापडला. नख काळंनिळं झालं. मी बोंबलले. आतून आवाज आलाच, "काय गो, हात थांबले?"

"म्हणून टाक ना गं आत्या दोन गाणी!" मी चिडून म्हटलं. "कुणाला कळणारे? गोवंडीत कोण बघायला येणारे?"

"मला कळंल की."

"तुला कळून पोट भरणारे का? सगळी घरं मशीनवर गेली. हे एक उरलंय."

"पाटी म्या वाहिली, रतने. त्या पाटीचा भार अजून हितं हाय." तिने डोक्यावर हात ठेवला. मिरचीचा हात, पण तिला भान नव्हतं.

"मग नको जाऊ. मी एकटी कांडते शनिवारी."

"एकटी कांडशील. गाशील काय?"

मला तर एकही ओवी येत नव्हती. गोवंडीत वाढलेली मी, मला सिनेमाची गाणी येतात. मी अंगठा तेलात बुडवून बसले आणि मला रडू आलं, दुखण्यानं कमी आणि रागानं जास्त. ही बाई आपल्या हट्टापायी आमचा घास घालवणार, असंच मला वाटत होतं. आत्याने माझा अंगठा फडक्याने बांधून दिला.

शनिवार आला. दुपारी जानकीबाईंनी दोन हिरवी नऊवारी लुगडी आणून दिली. "ही नेसा. संध्याकाळी परत द्यायची. मिरचीचे डाग पाडू नका."

"डाग कशानं पडत्याल?" आत्याने विचारलं.

"नाय पडणार म्हणा. मिरची नायच टाकायची. पाहुणे खोकतील. धने टाका उखळात." बाईंनी आधी कांडलेला लालभडक मसाला परातीत भरून शेजारी मांडून ठेवला, बाटल्यांची रांग लावली, आणि आमच्या केसांत अबोलीचे गजरे माळायला दिले. आत्याने लुगडं नेसलं, गजरा माळला. मी तिच्याकडे बघत राहिले. ती काय करणार ते मला कळेना, आणि विचारायची हिंमतही होईना.

उन्हं कलली होती. पाहुणे खुर्च्या टाकून बसले. कुणाच्या हातात बीअर, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. सगळं बोलणं इंग्रजीत, मधून गुजरातीत. अनुपमाताई उखळाच्या अगदी जवळ टेप घेऊन बसल्या. जानकीबाईंनी हात जोडून काहीतरी सांगितलं, त्यात सासूचं नाव दोनदा आलं. मग "चला, सुरू करा" म्हणून त्या आत पळाल्या, कारण पाहुण्यांना सुरमई गरम लागते.

आम्ही मुसळं उचलली. ठोके सुरू झाले. आत्या गप्प. पुन्हा ठोके, आणि आत्या गप्पच. पाहुणे वाट बघत होते. माझा बांधलेला अंगठा ठणकत होता. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आत्या, म्हण गं, पाया पडते तुझ्या."

आणि ती गायला लागली. चाल जुनी होती. मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेली, लांबलचक ओढत नेलेली, बायकांची. शब्द मात्र जुने नव्हते. त्यात देव नव्हता, बाबासाहेबही नव्हते.

मिरची कांडीते बाई, डोळां आलं पाणी,
घरधनीण सांगे, माझ्या सासूची ही करणी.

माझं मुसळ हवेतच अडकायचं बाकी होतं. कसाबसा ठोका धरला. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

मसाला गेला आत बाई, मुसळ राहिलं दारी,
सोनूचा चहाचा पेला कोनाड्यात बाहेरी.

मिरचीला न्हाई इटाळ, ती देवापुढनं गेली,
कांडणारी तिची बाई पायरीला राहिली.

मी अनुपमाताईंकडे बघितलं. त्यांना सगळं कळत होतं. मान खाली, चष्मा नाकावर घसरलेला, पण टेप बंद केली नाही. आतून सुरमई तळल्याचा चरचराट येत होता. ठोके नीट पडत होते, म्हणजे जानकीबाईंच्या हिशेबी सगळं ठीक होतं. आत्या गातच राहिली. मशीनवर गेलेली दारं एकेक करून गायली. परत करायचं हिरवं लुगडं गायलं. माझा काळानिळा अंगठासुद्धा गायला. मला भीती वाटत होती आणि हसूही येत होतं. मग कधीतरी माझं मलाच कळलं नाही, पण प्रत्येक ओळीचा शेवट मी तिच्याबरोबर म्हणायला लागले होते.

संपलं तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "वन्स मोअर!" एक जाड बाई ओरडली. तिने अनुपमाताईंना इंग्रजीत काहीतरी विचारलं. ताईंनी चष्मा वर सारला आणि काहीतरी सांगितलं. जाड बाई म्हणाली, "हाऊ स्वीट!" आणि दोन बाटल्या उचलल्या. बघता बघता रांग संपली. जानकीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, रिकामी फळी बघितली आणि खूश झाल्या.

"झकास झालां गो!" त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांनी आमचं कौतुक केलं ते पहिल्यांदा. मला वाटलं, जमलं. वर्षभराचं काम जमलं.

सकाळी चहा ओतताना बाई नजर चुकवत होत्या. "ऐक गो सोनूबाई. मालक म्हणतत, तुम्हाला दर शनिवारी गोवंडीहून आणायचं, ठेवायचं, परवडूचा नाय. माझ्या दोन भाच्या मालाडला आहेत, गोऱ्या, दिसायला बऱ्या. त्या उभ्या राहतील मुसळ घेऊन. मसाला काय, मशीनवर होतो. गाणं मॅडमच्या टेपवर आहेच." मग माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाल्या, "पुढल्या वर्षी बघू. होळीनंतर ये. असलं काम तर ठेवीन."

झालं. एवढ्यासाठी मी पाया पडले होते. आत्याने हिरव्या लुगड्यांच्या घड्या करून पायरीवर ठेवल्या, आणि आम्ही मुसळं उचलून धक्क्याकडे निघालो. मी वाटभर आत्याशी भांडले. ती असं गायली म्हणून काम गेलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी भांडले. भांडायला दुसरं होतं कोण?

होडी लागायची होती. अनुपमाताई वाळूतून धापा टाकत मागून आल्या.

"जानकीबाईंनी कॅसेट मागितली," त्या म्हणाल्या. "कॉपी करून द्या म्हणाल्या, दर शनिवारी लावायला. मी अजून हो म्हटलेलं नाही. आवाज तुमचा आहे, तुम्ही सांगाल तसं करीन."

"काल त्या बाईला काय सांगितलंत?" मी विचारलं.

त्यांचा चेहरा उतरला. "घराचं कौतुक आहे म्हणून सांगितलं. खरं सांगितलं असतं तर तुमचं काम गेलं असतं."

"ते गेलंच," मी म्हटलं.

"हो." त्या खाली बघत होत्या. "कॅसेट लावली तर कधी ना कधी त्यांना शब्द कळतीलच. निदान शेजाऱ्यांना तरी कळतील. मग पुढच्या वर्षी तुम्हाला दारात उभं करणार नाहीत. तुम्हाला नको असेल तर त्यांना सांगते, टेप खराब झाली."

आत्या तंबाखू मळत होती. "द्या की," ती म्हणाली. "म्या काय खोटं गायले न्हाय. पर वर्सभर घर चालवायचं हाय ते हिला. हिला इचारा."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मनात सगळं घोळवलं. मनोरीतली सगळी दारं बंद झाली होती, आणि हे एकच किलकिलं होतं. पुढल्या होळीला इथे यायचं, देठ काढायचे, कोनाड्यातला पेला उतरवायचा. टेप खराब झाली म्हटलं की झालं, दार तसंच राहणार होतं. शिवदास मला काय म्हणेल तेही मला माहीत होतं. आणि मग मला ते अंगण दिसलं. गोऱ्या भाच्या धने कांडतायत, पाहुणे टाळ्या वाजवतायत, जानकीबाई स्वतःच्या हाताने बटण दाबतायत, आणि कुंपणापलीकडे मनोरीच्या बायका कान देऊन उभ्या आहेत.

होडीवाल्याने हाक मारली. मी मुसळं खांद्यावर घेतली.

"द्या, ताई," मी म्हटलं. "आणि त्यांना सांगा, आवाज मोठा ठेवा."